जरीनाबाईंचा आवाज, लिझाचं नाव

आमच्या शाळेची सकाळची प्रार्थना नेहमी वेळेआधी संपायची, आणि त्याला कारण जरीनाबाई. जरीना मुजावर. शाहूपुरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या संगीत शिकवायच्या, मी मराठी. त्या पेटीवर बसल्या की पहिली ओळ रीतसर निघायची. दुसऱ्या ओळीला त्यांची डावी टाच चटईवर पडायला लागायची, धप धप धप धप, एकसारखी, आणि मैदानभर उभ्या असलेल्या मुली नकळत त्या टाचेच्या मागं धावू लागायच्या. शेवटचं कडवं येईपर्यंत प्रार्थनेला धाप लागलेली असायची. मुख्याध्यापिकांनी त्यांना ऑफिसात बोलावून समज दिली की प्रार्थनेत भक्तिभाव हवा, घाई नको. जरीनाबाईंनी मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि शिक्षकखोलीत येऊन मला म्हणाल्या, "झोप आल्यागत म्हटलं की भक्ती हुती व्हय, मानेबाई?"

दुसऱ्या दिवशी टाच पुन्हा चालू.

शिक्षकखोलीत त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती, आणि वीसेक वर्षं ती तिथंच राहिली. उंच, हाडापेरानं मोठी बाई. केसांना मेंदी, तोंडात लवंग, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास. साडी कायम सुती, करडी नाहीतर मातकट. चमकणारं काहीही अंगावर घालायच्या नाहीत. कुणी जरीचं नेसून आलं की तोंड फिरवायच्या. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारखं त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते जास्तच शोभायचं. जीभ अशी की नव्या शिक्षिका त्यांच्यासमोर डबा उघडायलाही बिचकायच्या. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांची चर्चा सुरू झाली की त्या वर्तमानपत्र उचलून तोंडापुढं धरायच्या. फारच आग्रह झाला तर एवढंच बोलायच्या, "बरी गाती. रडती पण बरी."

संगीताच्या बाई असून त्या कधी गुणगुणायच्या नाहीत, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तासाला जेवढं गायला हवं तेवढं गायच्या. घंटा झाली की गळा बंद. सहलीच्या बसमध्ये सगळ्या शिक्षिका गाण्यांच्या भेंड्या खेळायच्या, जरीनाबाई खिडकीला डोकं टेकून झोपायच्या किंवा झोपल्याचं दाखवायच्या.

एका प्रसंगावरून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आठवीत प्राजक्ता नावाची मुलगी होती, कागलहून एसटीनं यायची. वडील साखर कारखान्यात. तिचा गळा असा होता की ती वर्गात कविता म्हणायला लागली की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि पुण्याच्या कुणा गृहस्थांनी निरोप धाडला की मुलीला आमच्याकडं पाठवा, आम्ही तिला पुढं आणतो. प्राजक्ताची आई हरखून पेढे घेऊन शाळेत आली. जरीनाबाईंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. मुलीला बारावी करा, पुढं कॉमर्सला घाला, बँकेच्या परीक्षा द्यायला लावा, असं त्यांनी तिला सांगितलं. आई बिचारी म्हणाली, पण बाई, गाणं? तेव्हा म्हणाल्या, "गळा तिचा हाय तवर बराय. एकदा भाईर गेला की तो कुणाचा व्हईल, सांगता येत न्हाय."

पोरगी तिथंच रडायला लागली. पुण्याचा विषय संपला. मी जरीनाबाईंना म्हटलं की तुम्ही तिचं गाणं थांबवलंत. त्या म्हणाल्या, थांबवलं नाही, वाचवलं. मला ते त्यांच्या नासक्या स्वभावाचं बोलणं वाटलं. पुष्कळ दिवस मी खुर्ची जराशी वळवून बसत असे. प्राजक्ता आज खरोखरच एका बँकेत आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी विचारलं, गातेस का गं? ती हसली. बाळाला झोपवायलासुद्धा मोबाईलच लावते म्हणाली.

मग स्नेहसंमेलनाचं ते प्रकरण झालं. त्या वर्षी एक जुनं हिंदी डिस्को गाणं नव्या ठेक्यात घालून पुन्हा बाजारात आलं होतं. लग्नाची वरात, वाढदिवस, गणपती, कुठंही जा, तेच. मूळ गाणारी कुणी मिस लिझा. गाण्याच्या मध्यावर ती एकदम उचकी लागल्यासारखं करते, आणि त्या उचकीवर पोरं उड्या मारतात. आमच्या नववीच्या मुलींनी नाचासाठी ते निवडलं. तालमीच्या वेळी मुख्याध्यापिका अचानक आल्या आणि त्यांनी कानांवर हातच ठेवले. असली गाणी शाळेत चालणार नाहीत. पण मुलींना रागावून नको, समजावून सांगायला हवं, आणि ते काम अर्थातच संगीताच्या बाईंचं.

जरीनाबाई हॉलमध्ये आल्या. मी तिथंच होते, कार्यक्रमाच्या निवेदनाचं काम माझ्याकडं होतं. त्यांनी मुलींना गाणं लावायला सांगितलं. मुलींना वाटलं, बाई विरघळल्या. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. जरीनाबाई एका खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, नजर जमिनीवर. संपल्यावर म्हणाल्या, "पोरींनो, हे गाणं शाळेत चालायचं न्हाय. जिनं म्हटलंय तीसुद्धा शाळेत चालली नसती. दुसरं निवडा."

शिक्षकखोलीत आल्यावर त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पाणी न ओतताच परत लावलं.

"ते गाणं माझं हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आवडतं म्हणायचं असेल.

"आवडतं न्हवं. त्यातला आवाज माझा हाय."

मी काय चेहरा केला असेल कोण जाणे. त्या उठल्या, दार लावून आल्या, आणि खडूची खोकी, गुंडाळलेले नकाशे, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे यांच्या मधे उभ्या राहून त्यांनी दोन ओळी म्हटल्या. फार हळू म्हटल्या. वयानं थोडा जड झालेला, पण तोच आवाज, शब्दाच्या शेवटाला जरासा खरवडून सोडलेला. हॉलमध्ये दहा मिनिटांपूर्वी स्पीकरमधून आलेला. मग खुर्चीत बसून त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी मला तंबी दिली की हे बाहेर बोलायचं नाही. मी बोलले नाही. त्यानंतर मधल्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यांनी, मला बाकीचं कळत गेलं. एका दमात त्यांनी काहीच सांगितलं नाही.

त्यांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मुलीचा गळा त्यांनीच हेरला. बँडच्या हातगाडीवर भोंगा बांधलेला असायचा, त्याच्या माइकवर जरीना वरातीत गायला लागली तेव्हा शाळेतच होती. मोहल्ल्यातल्या चार जाणत्यांनी अब्बांना बोलावून घेतलं. अब्बांनी त्यांना विचारलं की मी वाजवतो ते तुमच्या घरच्या लग्नांत चालतं, मग ती गाते ते का चालत नाही. पुढं वर्षभर त्यांच्या बँडला लग्नाचं बोलावणं कमीच आलं.

गावात सर्जेराव नावाच्या एका वायरमननं ऑर्केस्ट्रा काढला होता. तो काळ डिस्कोचा. सर्जेरावला साडीतली, हातवारे न करता गाणारी मुलगी नको होती, आणि बाकीच्या गायिका पँट घालायला तयार नव्हत्या. जरीना तयार झाली. पण तसला ड्रेस आणायचा कुठून? अब्बांनी बँडचे जुने लाल सॅटिनचे पोशाख उसवले, त्यांची सोनेरी झालर काढली, आणि शाहूपुरीतल्या एका शिंप्याकडून पोरीसाठी एकच मोठा अंगरखा-पँट जोडून शिवून घेतला. वर आरशाचे तुकडे. "चालाय लागलो की मी मखरागत दिसायचो," त्या सांगायच्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. गाण्यात मधे मधे इंग्रजी शब्द यायचे तिथं त्या तोंड गोल करून वाट्टेल ते म्हणायच्या, आणि पुढच्या रांगेतले कॉलेजचे विद्यार्थी माना डोलवायचे.

कारखान्याचा हंगाम संपला की तिथं, नाहीतर जत्रांत, ऑर्केस्ट्राला बोलावणी असायची. मलकापूरच्या एका कार्यक्रमाची हकीकत मी सर्जेरावांच्या वाद्यवृंदात बाजा वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यांकडूनही ऐकली, म्हणून ती खरी धरते. दुपारचा कार्यक्रम, मांडव तुडुंब. एक धिप्पाड गडी जरीना गायला उभी राहिल्यापासून शिट्ट्या मारत होता. तिसऱ्या गाण्याला तिनं हात वर करून वाद्यं थांबवली. जरीनानं त्या गड्याला स्टेजवर बोलावलं, ‘पावणं, या वर’ म्हणून. तो मिशीला पीळ देत आला. तिनं माइक त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "शिट्टी मारायची तर सुरात मारा. न्हाईतर खाली बसून ऐका." त्याला एकट्याला, माइकवर, सगळ्या गावासमोर शिट्टी काही फुटेना. मांडव हसून हसून लोळला. तो खाली जाऊन बसला, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यानंच ऑर्केस्ट्राच्या सगळ्या मंडळींना घरी जेवायला नेलं. हे सांगताना जरीनाबाईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती पुन्हा मी फारशी पाहिली नाही. त्या स्टेजवर त्या कशा दिसत असतील याचा मला त्या एका क्षणात अंदाज आला.

कागलच्या एका समारंभात मुंबईच्या कॅसेट कंपनीच्या माणसानं त्यांना ऐकलं. महिन्याभरात बोलावणं आलं. अब्बा आणि जरीना मुंबईला गेले. काचेमागच्या गार खोलीत तिला उभं केलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाणी म्हणून घेतली. तिला समजावून सांगितलं की हा नुसता कच्चा आवाज आहे. याच्यावर वाद्यं बसवायची, नंतर एक मोठी गायिका येऊन याच जागी पुन्हा गाणार. अशी पद्धत असते हे तिनं ऐकलेलं होतं, त्यामुळं शंका घ्यायचं कारण नव्हतं. पुढच्या खेपेला तुझ्या नावाची कॅसेट करू, असंही तो म्हणाला. त्या खोलीतल्या गारठ्यानं आणि बर्फाच्या पाण्यानं तिला एका गाण्याच्या मध्यावर उचकी लागली. तिनं माफी मागितली, पुन्हा गाते म्हणाली. राहू दे, कच्चाच तर आहे, असं आतून कुणीतरी सांगितलं.

निघताना अब्बांनी त्या माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. "अब्बा कुणाचा हात असा धरत न्हवते," त्या मला म्हणाल्या.

मोठी गायिका कधी आलीच नाही. काही महिन्यांनी शाहूपुरीतल्या रस्त्यानं जाताना जरीनानं स्वतःचा आवाज पलीकडच्या बाजूला ऐकला. कॅसेटच्या दुकानाबाहेर स्पीकर लावला होता. ती वाहनांतून तशीच पलीकडं धावली. दुकानदारानं तिला कव्हर दाखवलं: सोनेरी केसांचा टोप घातलेली एक गोरी मुलगी, खाली नाव मिस लिझा. जरीना म्हणाली, हा माझा आवाज आहे. दुकानदार सभ्य माणूस होता. असंल की ताई, म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

अब्बा मुंबईला जाऊन आले. आल्यावर एवढंच म्हणाले की दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि जरीनानंही त्यांच्यासमोर कधी काढला नाही. त्यांना दोन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं नेलं.

कॅसेट तुफान चालली. सर्जेरावला तर आनंदच झाला. आपल्याकडं हुबेहूब आवाज आहे म्हटल्यावर त्यानं पोस्टरवर छापलं, ‘कोल्हापूरची लिझा’. जरीना त्याच्याशी कडाकडा भांडली. त्याला पटलं, आवाज तिचाच असेल, पण पोस्टर त्यानं बदललं नाही. जरीना मुजावर या नावाला गर्दी होत नाही हे त्यानं तिला तोंडावर सांगितलं. मग जरीना आपलीच गाणी लिझाची म्हणून गायला लागली. लोक येऊन सांगायचे, छान म्हटलंस. एका गावात एका पाटलांनी तिला हार घातला आणि वडीलकीनं म्हणाले, "पोरी, चांगली गातीस. पण खऱ्या लिझाची सर न्हाय बघ."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. माझं हसू तसंच तोंडावर राहिलं.

मग खुद्द लिझाच कोल्हापुरात आली. मोठ्या मैदानावर कार्यक्रम, कॅसेट मागं वाजणार आणि ती पुढं ओठ हलवत नाचणार, पण हे लोकांना माहीत नव्हतं. जरीना दुपारीच मैदानावर गेली. त्यांच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा बशीर तिच्याबरोबर होता. त्याच्या ओळखीनं ती मागच्या तंबूत शिरली. मनात ठरवून गेली होती की हिला सगळ्यांसमोर विचारायचं, गाऊन दाखव म्हणून. आत एक किरकोळ पोरगी एकटी बसून रडत होती. उन्हानं तापलेला टोप तिला चावत होता, पिना निसटत होत्या, आणि तो सारखा करून द्यायला कुणी नव्हतं. मूळची नागपूरकडची, खरं नाव कल्पना. जरीनानं तिला सांगितलं की गाणी माझी आहेत. पोरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, दीदी, मला तर सांगितलं होतं की गाणारी मुंबईची कुणी म्हातारी बाई आहे. ती आता वारली.

"शिव्या द्यायला गेलतो," जरीनाबाई मला म्हणाल्या. "तिच्या टोपाला पिना लावून आलो."

ऑर्केस्ट्रे पुढं बंद पडले. एका टेम्पोत मावणाऱ्या स्पीकरांनी दहा माणसांचं काम केलं. जरीनानं बशीरशी लग्न केलं, घरी बसून शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या आणि ती आमच्या शाळेत लागली. बशीरनं ऑक्टोपॅड विकून स्पीकर घेतले आणि डीजेचा धंदा सुरू केला. ज्या यंत्रानं त्यांचं गाणं बंद केलं त्यावरच त्यांचं घर चाललं, आणि याचं त्यांना काही वाटायचं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मुलगा आसिफ मोठा झाल्यावर त्यानं धंदा वाढवला. आसिफला आईचं गाणं माहीत नव्हतं. ती शाळेत प्रार्थना शिकवते एवढंच त्याला ठाऊक. नवरा-बायकोनं ठरवूनच त्याला सांगितलं नव्हतं.

त्या निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. आसिफ घरी बसून लिझाच्या त्या गाण्यावर आणखी एक नवा ठेका चढवत होता. बापाला म्हणाला, काय आवाज आहे, आता असले आवाज मिळत नाहीत. बशीरभाई तेव्हा आजारी होते, अंथरुणावरून उठत नव्हते. त्यांच्या तोंडून निघून गेलं की हा तुझ्या अम्मीचा आवाज आहे. पोरगं आईकडं बघतच राहिलं. मग ते हट्टालाच पेटलं. जगाला कळलंच पाहिजे. जरीनाबाईंनी त्याला कितीतरी दिवस दाद दिली नाही, पण शेवटी हो म्हणाल्या. का म्हणाल्या, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या हो म्हणाल्या त्याच आठवड्यात बशीरभाई गेले होते, कदाचित त्यामुळं. किंवा कदाचित एवढी वर्षं दाबून ठेवलेलं कुणीतरी, तेही पोटच्या पोरानं, मागितलं म्हणूनही असेल.

आसिफनं मोबाईलवर रील बनवली. आधी मूळ गाण्याचा तुकडा, मग खुर्चीत बसलेल्या जरीनाबाई, करडी साडी, डोक्यावर पदर. त्यांनी सरळ कॅमेऱ्यात बघून सांगितलं की हे गाणं मी गायलंय, मधली उचकी खरी आहे, मुंबईचं बर्फाचं पाणी प्यायल्यानं लागली होती. मग दोन ओळी म्हटल्या. आवाज बसला होता. वर्गावर ओरडून ओरडून, आणि नंतर गळ्याचं एक ऑपरेशन झालं होतं, त्यानंही. वरचा सूर लागला नाही. त्यांनी तो तसाच सोडला आणि थांबल्या.

माझ्या भाचीनं मला ती रील दाखवली. खाली लोकांनी लिहिलं होतं. आजी, या वयात तरी खरं बोला. सगळ्यांनाच लिझा व्हायचंय. एकानं लिहिलं, माझ्या म्हशीला पण उचकी लागते. चांगलं लिहिणारेही होते, नाही असं नाही, पण ते थोडे आणि लाजत लाजत. मी भाचीला मोबाईल परत दिला आणि जरीनाबाईंकडं गेले. वाटलं होतं त्या चिडल्या असतील. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मला बसायला सांगून त्यांनी मोबाईल पुढं केला. इंग्रजीत काहीतरी आलंय, आसिफ बाहेर आहे, वाचून दाखव म्हणाल्या.

ती रील काढून टाकण्यात आली होती. कारण इंग्रजीत दोन ओळींत दिलं होतं. मी मराठीत सांगितलं: यातला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तो परवानगीशिवाय वापरला म्हणून.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"दुसऱ्याच्या मालकीचा," त्या म्हणाल्या. मेथीची जुडी त्यांच्या हातात तशीच होती. "बरं झालं. निदान कुणीतरी निकाल तर दिला."

आसिफ वकील बघायला निघाला होता. त्यांनी त्याला अडवलं. वराती, मिरवणुका, तुझा अर्धा धंदा त्याच गाण्यावर चालतो, भांडलास तर उद्या ते वाजवायलाही मिळायचं नाही, असं त्यांनी त्याला समजावलं. आसिफ आईच्या पायाशी बसून रडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मेथीची पानं खुडत राहिल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. घरी जाताना वाटेत तो राग कुठं ठेवावा हे मला कळेना.

गेल्या वर्षी त्या गेल्या. वर्तमानपत्रात ‘निवृत्त संगीत शिक्षिका’ म्हणून चार ओळी आल्या. शाळेत शोकसभा झाली. नव्या मुख्याध्यापिकांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं; त्यांनी सांगितलं की मुलींवर भक्तिसंगीताचे संस्कार करण्यात बाईंनी आयुष्य वेचलं. मी उठून काही बोलावं असं मला सुचवण्यात आलं. मला बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद होती, ती मी पाळली. इथं मोडते आहे. आता त्यांच्यानं मला झापणं होणार नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याआधीच्या अनंत चतुर्दशीला, दुपारी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायला त्यांना सोबत हवी होती. तिथून परतताना शाहूपुरीत आम्ही मिरवणुकीत अडकलो. एका मंडळाचा ट्रॅक्टर, त्यावर माणसाच्या दुप्पट उंचीची स्पीकरची भिंत, पुढं गुलालानं माखलेली पोरंपोरी. वाजत होतं तेच गाणं. नव्या ठेक्यात बसवायला आवाज ओढून ताणून इतका चिरका केला होता की माणसाचा वाटत नव्हता. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर अंग चोरून उभ्या राहिलो. जरीनाबाईंच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी माझं कोपर धरलं होतं.

नाचणाऱ्यांतली एक मुलगी, कॉलेजात असेल, हसत हसत आमच्यापाशी आली. गणपतीच्या दिवशी कुणालाही ओढायचा सगळ्यांनाच हक्क असतो. तिनं जरीनाबाईंचा हात धरला.

"आज्जी, या की नाचायला. म्हाईत हाय का तुमास्नी हे गाणं?"

मी जरीनाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. दुकानदाराला, सर्जेरावला, त्या नागपूरच्या पोरीला, शेवटी मोबाईलवर साऱ्या जगाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. मला वाटलं, आत्ता इथंही देतील, आणि ही पोरगी तरी विश्वास ठेवील.

"न्हाय बाळ," त्या म्हणाल्या. "मला न्हाय म्हाईत."

पोरगी मान हलवून गर्दीत परत गेली. जरीनाबाईंनी मला मागच्या गल्लीकडं वळवलं. चालता चालता त्या माझ्याशी काहीतरी बोलत होत्या, बरंच काही. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. पण मागून त्यांचाच आवाज एवढ्या जोरात येत होता की मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही.